कारण लागत नाही

धाकट्या भावाची मुलगी एमपीएससीच्या अभ्यासासाठी साताऱ्यात माझ्याकडे राहते. पहाटे चारला उठते आणि मोठ्यानं पाठ करते. गेल्या महिन्यात तिच्या पुस्तकातला एक तक्ता आठवडाभर माझ्या कानावर पडत होता. डावीकडे संसदीय पद्धत, उजवीकडे अध्यक्षीय. इकडे राष्ट्रपती वेगळा आणि पंतप्रधान वेगळा, तिकडे सगळं एकाच माणसात. इकडचे मंत्री सभागृहातले, तिकडचे बाहेरचे. इकडे जबाबदारी जास्त, तिकडे स्थैर्य जास्त. एका ओळीपाशी ती दर वेळी अडखळायची. इकडे अविश्वास ठराव, तिकडे महाभियोग. "आत्या, दोन्हीनं माणसाला काढायचंच ना? मग फरक काय?"

मी चहा गाळत होते. म्हटलं, "तिकडच्याला कारण लागतं, इकडच्याला लागत नाही." "एवढंच?" म्हणून ती पुढच्या ओळीवर गेली. परीक्षेपुरतं तेवढंच आहे. माझा चहा मात्र निवून गेला.

मी ग्रामसेविका होते. १९८८ साली रुजू झाले, २०२१ साली निवृत्त. (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. आमच्या वेळी गावातले काही म्हातारे सवयीनं मलाही 'भाऊसाहेब'च म्हणायचे.) जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात गावोगाव बदल्या झाल्या आणि प्रत्येक गावात काम एकच होतं, दुसऱ्यांच्या बोलण्याचं इतिवृत्त लिहिणं. 'चर्चेअंती सर्वानुमते ठरले' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. पुष्कळदा चर्चा झालेली नसायची आणि सर्वानुमत तर नसायचंच. इतिवृत्ताचा एक नियम मला पहिल्याच आठवड्यात शिकवला गेला होता. कोरी जागा सोडायची नाही. सुटलीच तर तिच्यावर तिरकी रेघ मारायची, म्हणजे मागाहून कुणी काही घुसडणार नाही.

दुसरं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य अविश्वास ठरावाच्या नोटिशीत असायचं. 'सरपंच हे सदस्यांना विश्वासात न घेता मनमानी कारभार करतात.' गाव कुठलंही असो, सरपंच कुणीही असो, वाक्य हेच. नोटीस तहसीलदारांकडे जायची, ते विशेष सभा लावायचे, स्वतः अध्यक्षस्थानी बसायचे. वाक्य खरं की खोटं हे सिद्ध करावं लागत नव्हतं. हात मोजले की झालं.

तरुणपणी मला याचा राग यायचा. चोरालासुद्धा कोर्टात बाजू मांडता येते आणि इथं कारण सिद्ध न करता माणूस खुर्चीवरून खाली! पुढं हळूहळू वाटायला लागलं की यात काहीतरी फार शहाणपणाचं आहे. मराठीत आपण विश्वास 'ठेवतो'. ठेवलेली वस्तू ज्याची त्याचीच राहते, म्हणून तर पतसंस्थेतल्या पैशाला ठेव म्हणतात. संसदीय पद्धत म्हणजे बचत खातं. कधीही जा, काढून घ्या, का काढता म्हणून कुणी विचारणार नाही. अध्यक्षीय पद्धत ही मुदत ठेव. अमेरिकेत मुदत चार वर्षांची, आणि आधी मोडायची तर मॅनेजरनं अफरातफर केली हे तुम्ही सिद्ध करायचं.

हे अमेरिकनांनी नकळत केलेलं नाही. १७८७ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियात त्यांची घटना लिहिली जात होती, तेव्हा महाभियोगाच्या कारणांत देशद्रोह आणि लाचखोरी एवढंच होतं. जॉर्ज मेसन यांनी सुचवलं की त्यात 'गैरकारभार' हाही शब्द घाला. जेम्स मॅडिसन यांनी हरकत घेतली. इतका सैल शब्द घातला तर सिनेटची मर्जी असेल तोवरच अध्यक्ष पदावर राहील, असं त्यांचं म्हणणं. मेसननी शब्द मागं घेतला आणि त्याच्या जागी गंभीर गुन्हे आणि दुराचरण अशा अर्थाचे शब्द आले. भाचीच्या पुस्तकात हे नाही. मी वाचलं तेव्हा मला हसूच आलं. माझ्या नोटिशीतला 'मनमानी कारभार' त्यांनी सव्वादोनशे वर्षांपूर्वी उंबऱ्यावरूनच परत पाठवला होता.

पण कारण सक्तीचं केलं की माणसं कारण तयार करतात. १८६८ साली अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला. खरं भांडण यादवी युद्धानंतर दक्षिणेचं काय करायचं आणि मुक्त झालेल्या गुलामांना हक्क किती द्यायचे यावर होतं. मतभेदासाठी अध्यक्षाला काढता येत नाही, म्हणून युद्धमंत्री स्टँटन यांना कायदा मोडून पदावरून हटवल्याचा आरोप पुढं केला. सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९. दोन-तृतीयांशाला ३६ लागत होते. एका मतानं जॉन्सन वाचले.

आपल्याकडे एका मतानं पडलेलं सरकार मी स्वतः पाहिलं आहे, ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर. १७ एप्रिल १९९९, शनिवार. वाजपेयींच्या बाजूनं २६९, विरुद्ध २७०. अण्णाद्रमुकनं पाठिंबा काढला होता. कुणीही त्यांना गुन्हेगार ठरवलेलं नव्हतं आणि ठरवायची गरजही नव्हती. काळजीवाहू म्हणून ते राहिले, त्याच काळात कारगिलचं युद्ध झालं, आणि ऑक्टोबरात निवडून येऊन ते पुन्हा पंतप्रधान झाले. सभागृहाचा विश्वास गमावलेल्या मंत्रिमंडळानं युद्ध चालवलं, हे अस्थिरतेच्या भीतीनं अध्यक्षीय पद्धत मागणाऱ्यांनी एकदा आठवून पाहावं. आमच्याच महाराष्ट्रातले काँग्रेसचे नेते वसंत साठे यांनी ती वर्षानुवर्षं जाहीरपणे मागितली होती. मला वाजपेयींच्या त्या पडण्यात दुसरंच काही दिसलं. पडलेल्या माणसाच्या कपाळावर डाग नव्हता, म्हणून तो परत येऊ शकला. कारण लागत नाही याचा हाही अर्थ होतो.

आमचे वडील, दादा, माळकरी होते. १९७९ च्या जुलैत मी सोळा वर्षांची. दादा नुकतेच पंढरपूरहून आले होते, पाय सुजलेले, आणि पारावर रेडिओ लागलेला. यशवंतराव चव्हाणांनी मोरारजींवर अविश्वासाचा ठराव आणला होता. कऱ्हाडचा माणूस दिल्लीचं सरकार हलवतोय म्हणून पारावर कौतुक चाललं होतं. दादांनी विचारलं, "पर मोरारजीनं क्येलं काय?" कुणालाच नीट सांगता येईना. मतदानाआधीच १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. मग चरणसिंग आले, यशवंतराव उपपंतप्रधान झाले आणि ऑगस्टमध्ये ते सरकारही लोकसभेला तोंड न देताच गेलं. दादांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. ज्याच्यावर एकदा भरवसा टाकला त्याला असं सोडायचं नसतं, हे त्यांचं म्हणणं. टाकलेला भरवसा त्यांच्या लेखी परत उचलायचा नव्हता. त्यांच्या आयुष्यात असा भरवसा एकच होता आणि तो विटेवर उभा होता.

दादांचं विठोबाशी भांडण मात्र कायमचं. पाऊस नाही, बैल गेला, थोरली माहेरी परत आली, प्रत्येक गोष्टीचा जाब ते त्याला विचारायचे, अगदी एकेरीवर येऊन. वारकऱ्यांचं हे मला आवडतं. नामदेव त्याच्याशी भांडतो, जनाबाई त्याला शिव्या घालते, तुकोबा त्याला दिवाळखोर म्हणायला कमी करत नाहीत. इतका रोजचा हिशेब मागणारा भक्त दुसरीकडे क्वचितच असेल. यावर मी एकदा एका शिबिरात भाषण ठोकलं होतं की संसदीय पद्धत आपल्याला वारीनं शिकवली. टाळ्या पडल्या.

आता ते भाषण आठवलं की लाज वाटते. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं की धर्मात भक्तीनं मोक्ष मिळत असेल, राजकारणात तीच भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे मी त्या शिबिरात सोयीस्कर विसरले होते. दादा विठोबाशी कितीही भांडले तरी विठोबा जागचा हलणार नव्हता, आणि हे दादांना माहीत होतं म्हणूनच ते इतकं भांडू शकत होते. विठोबावर अविश्वास ठराव आजवर मांडला गेला नाही. ते भांडण म्हणजे रुसणं होतं, आणि रुसण्यात जिव्हाळा असतो, अधिकार नसतो. आपण पुढाऱ्यांशी नेमकं तसंच रुसतो. दिवसभर पारावर त्यांना शिव्या आणि संध्याकाळी त्यांच्याच गाडीमागं.

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं जुळतं. २००९ मध्ये ते मोडलं.

तेव्हा माझ्याकडे जे गाव होतं तिथलं सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघालं. बाई चौथीपर्यंत शिकलेल्या, रोजगारावर जाणाऱ्या. पहिले सहा-आठ महिने सगळं सुरळीत होतं, म्हणजे शिक्का आणि चेकबुक उपसरपंचांच्या घरी होतं आणि ते जिथं बोट दाखवतील तिथं बाई सही करत होत्या. मग कधीतरी त्यांनी शिक्का स्वतःच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली. चेकवर सरपंचाची आणि माझी अशा दोन सह्या लागायच्या. बाई चेक माझ्याकडून वाचून घ्यायला लागल्या, कुणाला किती, कशाचे. नंतर पाण्याच्या टाकीचा वॉल्व आधी वस्तीकडे सोडायला त्यांनी शिपायाला सांगितलं. वीस मिनिटंच, पण आधी.

नोटीस आली. वाक्य तेच. 'विश्वासात न घेता.' नऊ सदस्य, सरपंचपद महिलेसाठी राखीव असल्यामुळे तीन-चतुर्थांश, म्हणजे सात मतं हवीत. सात जण चार दिवस गावात नव्हते. सभेच्या दिवशी एका क्रूझरमधून थेट ग्रामपंचायतीच्या दारात उतरले, उन्हानं रापलेले, गणपतीपुळ्याचा अंगारा लावलेले. एकानं माझ्या टेबलावर आंबापोळीचं पाकीट ठेवलं. सभा वीस मिनिटांत आटोपली. विरोधात सात. मी लिहिलं.

तहसीलदार गेल्यावर बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "मॅडम, ह्यात माजं काय चुकलं ते कुटं लिवलंय?"

मी वाक्य वाचून दाखवलं.

"ते कळलं. पर चुकलं काय?"

"तसं लिहावं लागत नाही."

"कायदाच हाय तसा?"

"कायदाच आहे."

त्यांनी पिशवीतून शिक्का काढून आंबापोळीच्या पाकिटाशेजारी ठेवला आणि गेल्या.

आंबेडकरांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं भाषण मी कितीतरी वेळा वाचलं आहे. घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या. स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही हवीत, पण दोन्ही सारख्या मापात देणारी व्यवस्था सापडलेली नाही. अमेरिकेत जबाबदारीचा हिशेब ठरावीक मुदतीनं होतो, इंग्लंडच्या पद्धतीत मुदतीनं होतोच आणि शिवाय रोजही, प्रश्नांतून, ठरावांतून, अविश्वासातून. मसुद्यानं जबाबदारीला झुकतं माप दिलं. भाचीच्या तक्त्यातली ओळ तिथूनच आली आहे. तक्त्यात जे नाही ते त्याआधीच्या दीड-दोन वर्षांतलं आहे. मार्च १९४७ मध्ये त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिलं, त्यात नेमकी उलट मागणी होती. कार्यकारी मंडळ विधिमंडळाच्या मुदतीत काढता येऊ नये. इंग्लंडमध्ये बहुमत राजकीय असतं, ते बनतं आणि मोडतं; आपल्याकडचं बहुमत जन्मानं ठरतं, मग त्याला रोज जबाबदार राहणं म्हणजे रोज त्याच्या ताब्यात राहणं, अशी त्यामागची धास्ती होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरच्या देवळाची दारं सगळ्यांना उघडावीत म्हणून उपोषणाला बसले होते. दादांचा विठोबा तोवर चोखोबाच्या माणसांना आत घेत नव्हता. विश्वासात न घेणं म्हणतात ते हेच.

मग वीस महिन्यांत आंबेडकरांनी बाजू का बदलली? मसुदा समितीच्या वतीनं बोलताना सभेनं आधी ठरवलेलंच त्यांना मांडायचं होतं, हे एक कारण झालं. डिसेंबर १९४८ मध्ये के. टी. शहा आणि मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अमेरिकेच्या वळणाची दुरुस्ती मागितली, ती नामंजूर झाली. पण मला वाटतं, दोन्ही मतं त्यांचीच होती आणि दोन्ही खरी होती. कारण न विचारता विश्वास काढून घेता येणं ही मोठी गोष्ट आहे. आणि ज्या गावात सात हात जातीनं वर होतात तिथं तीच गोष्ट सुरीसारखी चालते. उंचावलेल्या हाताच्या आत काय आहे हे तहसीलदाराला दिसत नाही. मला दिसत होतं, पण लिहायचा रकाना नव्हता.

मुदत ठेव मला आवडायला लागली ती त्या दिवसापासून. म्हणून २०१७ साली सरकारनं सरपंच थेट लोकांतून निवडायचा कायदा केला तेव्हा मी मनातून खूश होते. सात जणांची क्रूझर बंद! आता अविश्वास आणायचा तर सदस्यांचं तीन-चतुर्थांश बहुमत आणि वर ग्रामसभेचं गुप्त मतदान. (२०२० मध्ये दुसऱ्या सरकारनं हा कायदा रद्द केला, २०२२ मध्ये तिसऱ्यानं परत आणला. पद्धतीचं तत्त्वज्ञान किती आणि कुणाचं पॅनेल कुठं भारी याचं गणित किती, हे ज्याचं त्यानं ओळखावं.)

योगायोग असा की २०१८ मध्ये त्याच गावाचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आला. थेट सरपंच तरुण, मोटारसायकलवर फिरणारा, बोलायला गोड. सदस्यांत मात्र त्याच्या विरोधी पॅनेलचं बहुमत. दुसऱ्याच मासिक सभेत तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "मला गावानं निवडून दिलंय, तुम्ही कोण?" समोरचे म्हणाले, "आम्हाला काय शेजारच्या गावानं दिलंय?" दोघांचंही खरं होतं. त्यानंतर सभेला कोरम जमेना. वित्त आयोगाचे पैसे खात्यात पडून राहिले. त्याला काढता येत नव्हतं, त्याला त्यांच्याशिवाय काही करता येत नव्हतं, आणि उत्तर द्यायची गरज दोघांनाही नव्हती. अमेरिकेत २०१८ च्या डिसेंबरापासून अध्यक्ष आणि संसद यांच्या भांडणात सरकारी कचेऱ्या ३५ दिवस अडल्या, तेव्हा टीव्हीवर ते बघून मला आमची मासिक सभा आठवली.

श्रीलंकेत काय झालं ते मी निवृत्त झाल्यावर पाहिलं. २०१९ साली निम्म्याहून जास्त मतं घेऊन निवडून आलेले अध्यक्ष. २०२२ मध्ये देशात पेट्रोल नाही, औषधं नाहीत. मे महिन्यात पंतप्रधान गेले, अध्यक्ष गेले नाहीत. त्यांची मुदत बाकी होती. ९ जुलैला लोक त्यांच्या निवासस्थानात घुसले आणि तिथल्या तलावात पोहले. चार दिवसांनी अध्यक्ष देश सोडून गेले आणि राजीनामा सिंगापुराहून आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रिटनच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांनी ४५ व्या दिवशी दाराबाहेर येऊन राजीनामा जाहीर केला. तिथं कुणाला कुणाच्या तलावात उतरावं लागलं नाही.

म्हणून मी परत आपल्या जुन्या बचत खात्याकडे आले आहे, जरा लंगडत. आपण तर ते खातंही धड ठेवलेलं नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं खासदार-आमदारांचा हात व्हिपला बांधला. एकट्यानं अविश्वास दाखवला तर पद जातं, म्हणून कळपानं दाखवायचा; मग आमदारांचा मुक्काम आधी सुरतेत, मग गुवाहाटीत. ग्रामपंचायतीत व्हिप नसतो, तरी क्रूझर असतेच. विश्वास काढून घ्यायला कारण लागू नये, हे मला अजूनही पटतं. पण तो काढणारा हात मोकळा आहे का, आणि ज्याच्यावरून काढला त्याला कधी विश्वासात घेतलं होतं का, हे विचारायची जागा दोन्ही पद्धतींत कुठं आहे ते मला सापडलेलं नाही. भाचीला तेवढं सांगितलं तर ती म्हणाली, "आत्या, हे वर्णनात्मकमध्ये चालेल, वस्तुनिष्ठमध्ये नाही."

२ ऑक्टोबर २०१८ ची ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोर होती. जुन्या सरपंचबाई पुढच्या ओळीत बसल्या होत्या, केस पिकलेले, पिशवी मांडीवर. त्या उठल्या आणि विचारलं, वस्तीची मोटर भादव्यापासून जळालीय, ती कधी बांधून आणणार? सरपंच म्हणाला, सदस्य सभाच होऊ देत नाहीत. सदस्य म्हणाले, सरपंच आम्हाला विश्वासात घेत नाहीत.

त्या शब्दाला बाई हसल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लिवा मॅडम."

मी त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहिला, नावासकट. मग उत्तरासाठी थांबले. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते. बाई उभ्याच होत्या. मी खाली दोन ओळी सोडल्या, पुढचा विषय घेतला, आणि त्या ओळींवर तिरकी रेघ मारली नाही.